जावईबापूंचे पाय

वाशीमच्या कचेरीतल्या त्या बाजूच्या खोलीत शिरताना गोजराबाईनं सवयीनं पदर कपाळापर्यंत ओढला, उंबरठ्याला न शिवता पाऊल पलीकडे टाकलं, मान वर केली, आणि पहिल्यांदा दिसले ते जावईबापूंचे पाय. भिंतीला एक बाक लावलेला होता. त्यावर जावईबापू बसले होते आणि त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. नुसते लोंबतही नव्हते, हलत होते. एक पुढे, एक मागे, विहिरीच्या काठावर बसलेल्या पोट्ट्याचे हलावे तसे. टाचांना भेगा, घोट्यावर वाळलेला चिखल. दोन वर्षं हा माणूस आपल्या घरात जेवतो, झोपतो, आणि याचे पाय आपल्याला दिसलेच नाहीत. दिसणार कसे? घरात सगळं बसणं जमिनीवर. पाटावर मांडी घातली की माणूस तो माणूस. मांडीखाली पाय केवढे ते कोण बघतं? एक खुर्ची होती मालकांची, ती मालक गेल्यापासून माळ्यावर. डोक्याला पागोटं, समोर ताट, ताटाभोवती रांगोळीची रेघ, म्हणजे जावई. आणि तोच उचलून ह्या सरकारी लाकडावर ठेवला तर पाय लोंबणारं लेकरू. तिला रागच आला. बाकाचा आला, बाक घडवणाऱ्या सुताराचा आला, आणि गावाहून, जऊळक्याहून, हिच्याच गाडीनं हा तमाशा बघायला आलेल्या जावेचा, रंगूबाईचा, तर सकाळपासून येतच होता.

ही पोरांची कचेरी. मोठ्यांची पलीकडच्या दालनात, तिथं पुकारा होतो, पट्टेवाला ओरडतो. इथं ओरडायचं नाही. पोरांसाठी वेगळा कायदा निघाला आहे, पोरं भिऊ नयेत म्हणून साहेब कोट काढून बसतात आणि पोलिसांनी पट्टा, पगडी बाहेर ठेवून यायचं. त्यामुळे फुलसिंग शिपाई बिनपगडीचा उभा होता, टक्कल चमकत होतं, आणि कोणाचा तरी आजारी मामा पंगतीत वाढप्याची वाट बघत उभा असावा तसा दिसत होता. बाहेरच्या कोणी आत यायचं नाही असाही कायदा. म्हणून बाहेरचे सगळे खिडकीच्या गजांना चिकटले होते. गजांमधून रंगूबाईची नथ तेवढी आत आलेली.

गुन्हा काय, तर काच. जऊळक्याच्या टेसनाबाहेर जो सिग्नल आहे, त्याच्या शिडीवरून जावईबापू भर दुपारी वर चढले आणि दिव्यापुढची लाल काच काढून घेऊन आले. संध्याकाळी दिवेवाल्यानं न बघताच दिवा लावला, रात्री तो लाल दिसायचा तो पांढरा दिसला, आणि मालगाडी थांबायच्या जागी थांबली नाही. फाटकात एक बंडी होती, ती कशीबशी निघाली. बैलाच्या शेपटीचे केस गाडीला लागले असं बंडीवाला अजून सांगतो. आणि चोरानं चोरी लपवावी कशी? तर दुसऱ्या दिवशी रुळाच्या कडेला उभं राहून, एक डोळा मिटून, त्याच काचेतून येणारी गाडी बघत होते. टेसनमास्तरनं मागून मानगूट धरली तेव्हाही काच डोळ्यापासून काढली नव्हती म्हणे.

"बाई, ध्यान देऊन ऐका," सैफुद्दीन वकील सकाळी बाहेरच्या लिंबाखाली म्हणाले होते. वकील म्हातारे, पान खाणारे, बोलताना समोरच्याकडे न बघता आपल्या छत्रीच्या मुठीकडे बघणारे. "मोठा मानूस असता तं सडवला असता जेलात. पण हे बच्चं हाय. बच्च्याचे दोन रस्ते. घरात त्याले धाक दाखोवनारं मोठं मानूस असन, तं साहेब त्याच मानसाच्या हातानं चार-पाच छड्या देववते अन् घरी धाडते. अन् धाक दाखोवनारं कोनी नसन, तं जबलपूर. तिथं पोट्ट्याइची शाया हाय सरकारची. शाया म्हना का जेल म्हना. अठरा वर्साचा होईस्तोवर."

"अठरा?"

"सुतारकाम शिकवते, अच्छा खाना देते. पण अठरा."

"अन् माही पोरगी?"

वकिलांनी छत्रीची मूठ फिरवली. "म्हनून तं सांगून राह्यलो. साहेबानं विचारलं तं म्हना, पोट्टं माह्यं हाय, माह्या हाताखाली हाय, मी मारीन. अन् मारा. आवाज आला पाह्यजे. लाड नोका करू."

मारा. जशी काही गोजराबाईला मारायची शिकवणी हवी होती! पंचक्रोशीत कोणालाही विचारावं. खळ्यावरून ज्वारी उचलणाऱ्या दोन बाप्यांना तिनं दाराला लावायच्या काठीनं झोडपलं होतं. सालदार लखमा, मिशीवाला, बायकापोरांचा धनी, त्याच्या पाठीत अजूनही रट्टा बसतो आणि तो हसतो. कस्तुरा तर, एकुलती लेक असून, आईच्या पाच बोटांखाली वाढली. ह्या हातातून कोणी सुटलं नव्हतं. आणि आता बाकाकडे बघताना तिला आठवलं, की ह्या हातानं एकदा, एकदाच, त्या डोक्यालाही हात लावला होता. लग्नाच्या दिवशी. ते साल मोठं विचित्र. सरकार लहान पोरांची लग्नं बंद करणार अशी आवई उठली आणि फाल्गुन संपायच्या आत गावंच्या गावं लग्नाला लागली. पाळण्यातल्या पोरींना हळद लागली, वाजंत्री मिळेनात, भटजी एका मांडवातून दुसऱ्या मांडवात पळत होते. मालक नाहीत, मुलगा नाही, उद्या आपण डोळे मिटले तर भाऊबंद पोरीला उंबऱ्याबाहेर काढतील, म्हणून तिनं मेडशीचं हे पोर घरजावई म्हणून बघितलं. मानमोडीच्या साली जन्मलेलं. त्याच साथीत आई आणि बाप दोघं गेले, चुलता पुंजाजी यानं वाढवलं. पुंजाजीनं वाढवलं म्हणजे काय, मेलं नाही एवढंच. लग्नाच्या सकाळी फेटा डोळ्यांवर घसरायला लागला. डोकंच केवढंसं. बायका हसायला लागल्या, तशी गोजराबाई पुढं झाली, कणगीतला कापूस मूठ-मूठ घेऊन फेट्यात कोंबला आणि फेटा बसवला. बोटांना ते डोकं लागलं. गरम होतं, घामेजलेलं, वासराच्या टाळूसारखं, आणि आत काहीतरी टकटक उडत होतं. अजून अक्षता पडल्या नव्हत्या, म्हणून लावता आला हात. मग अक्षता पडल्या. मग तिनं परातीत त्याचे पाय धुतले, ते पाणी डोळ्यांना लावलं. म्हणजे पाय बघितले होते की! हेच पाय. पण तेव्हा ते परातीत होते, पाण्याखाली, हळदीकुंकवाखाली, आणि ती पाय बघत नव्हती, विधी बघत होती.

त्यानंतर शब्द नाही. सासूनं जावयाशी समोरासमोर बोलायचं नसतं, त्याच्या वाटेत यायचं नसतं. सासू ओसरीवरून जाते तेव्हा जावई उठून भिंतीकडे तोंड करतो आणि सासू पदर ओढून निघून जाते. हे कोणी कोणाला शिकवावं लागत नाही. कस्तुरे, विचार त्याइले, भाकर वाढू का. कस्तुरे, सांग त्याइले, थंडी हाय, घोंगडं घ्या म्हना. दहा वर्षांची कस्तुरा मध्ये उभी राहून इकडचं तिकडं करायची आणि कंटाळली की अर्धंच सांगायची. एवढं ठीक होतं. पण जावईबापू सकाळी न्याहारी करून निघाले की नाल्यात. विटीदांडू, गोफण, बोरी. दुपार टळायची, ताट झाकून ठेवलेलं, माशा. जावयाला हाक कशी मारायची? दुसरं कोणाचं पोर असतं तर बखोटी धरून आणलं असतं. शेवटी तिनंच युक्ती काढली. लखम्याला पाठवायची, म्हणायची, "बापूले म्हना, घरी पावना आला हाय." घरच्या धन्यानं पाहुण्यापाशी बसायला नको? आणि जावईबापू यायचे. विटी टाकून, पागोटं सारखं करत, धुळीच्या पायांनी यायचे. ओसरी रिकामी. पाहुणा नाही, कोणी नाही. ते काही विचारायचे नाहीत, पाटावर बसायचे, जेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहुणा. दोन वर्षांत न आलेल्या पाहुण्यांची गोजराबाईनं एक वरातच जेवू घातली होती, आणि तिला वाटायचं, आहे हे पोर जरा अर्धवट, रोज फसतंय. बरंच आहे.

आणि ती काच. तीही तिनं बघितली होती, त्याच दुपारी, गाडी चुकायच्या आधी. अंगणात ती तीळ पाखडत होती, वर बघते तर जावईबापू गोठ्याच्या दारात उभे, डोळ्याला काहीतरी लाल लावलेलं, आणि त्यातून तिच्याकडेच बघत होते. हसत होते. शेजारी कस्तुरा उड्या मारत होती, "मले पाहू द्या, माय लाल झाली का?" एका क्षणाला तिला स्वतःचे हात, सूप, तीळ, सगळं आगीत असल्यासारखं वाटलं. हे काय हाय, कुठून आनलं, असं ओठांवर आलं होतं. हात धरून काच काढून घेतली असती, लखम्याबरोबर टेसनावर परत पाठवली असती, संध्याकाळी सिग्नल लाल लागला असता. पण जावयाला कुठून आणलं असं विचारतात का? तिनं पदर ओढला आणि सूप घेऊन आत गेली.

"पोराचं वय काय?" साहेबांनी विचारलं. कोट नसलेले साहेब, बाह्या दुमडलेले, पुण्याकडच्या बोलीचे. आवाजात खोट नव्हती. हेच वाईट. खोट असती तर गोजराबाईला भांडता आलं असतं. टेबलाशी बसलेले सरकारी डॉक्टर उठले आणि त्यांनी जावईबापूंचं तोंड उघडून दात बघितले, बाजारात गोऱ्ह्याचे बघतात तसे, आणि म्हणाले, तेराच्या आसपास. खिडकीत कोणी तरी हसलं. साहेबांनी मान डोलावली. "याचं कोण आहे?"

पुंजाजी दाराशी होता. त्यानं हात जोडले. "साहेब, मी चुलता. पन आमी देऊन टाकला. आता त्याचं बरं-वाईट तिकडच्याइचं. घरजावई गेलेल्या पोट्ट्यावर आमचा काय हक?" आणि असा मागे सरकला, जसा कचेरी नाही, प्रेतयात्रा आहे.

"मग तुम्ही," साहेब गोजराबाईकडे वळले. "बाई, मला ह्याला जबलपूरला पाठवायची हौस नाही. पण ह्याच्यामुळे उद्या माणसं मेली असती. ह्याला घरात धाक आहे हे मला दिसलं पाहिजे. कोणी तरी ह्याला आवरणारं आहे, एवढंच. तुमच्या हाताखाली आहे हा?"

"हाय," गोजराबाई म्हणाली. आवाज तिचाच होता.

"तुमचं ऐकतो?"

"आयकतेत." तोंडातून मानाचं निघालं; ऐकतो म्हणायचं होतं. वकिलांनी छत्रीची मूठ गच्च धरली.

"आत्तापर्यंत काय शिक्षा केलीत कधी? रागावलात?"

रागावण्याच्या गोष्टी गोजराबाईला कोणी विचारतं का! पण ती बाकाखालच्या मोकळ्या फरशीकडे बघत राहिली. साहेबांनी पट्टेवाल्याला खूण केली. त्यानं कपाटातून वेताची छडी काढली, फडक्यानं पुसली, जणू पूजेचं उपकरण, आणि तिच्या हातात दिली. हलकी होती. काहीच वजन नव्हतं. तिला वाटलं होतं जड असेल.

खिडकीतून रंगूबाईचा आवाज आला, हळू, पण ऐकू यावा असा. "सासू जावयाले मारते माय. असं पाह्यलं नव्हतं व कदी. आता कस्तुरा कुकू कोनत्या तोंडानं लावन?"

"ती खिडकी लावा," साहेब म्हणाले. पण खिडकीला दारंच नव्हती.

मारीन, गोजराबाईच्या मनात आलं. रंगे, तुझ्या नाकावर टिच्चून मारीन. लेकरू आहे, पाय टेकत नाहीत त्याचे, अठरा वर्षांपर्यंत ते त्या परमुलखात कोणाच्या हाताखाली रंधा मारेल, आणि माझी पोरगी रिकाम्या पाटाभोवती रांगोळी घालेल. मारीन आणि घेऊन जाईन. बखोटी धरून घेऊन जाईन, गाडीत शेजारी बसवीन, जऊळक्याला उतरवीन. तिनं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. फरशी गार होती. बाकावरचे पाय हलायचे थांबले. जावईबापूंनी तिच्याकडे बघितलं. भिऊन नाही, कसंही नाही. सासू वाटेनं येते आहे असं बघितलं. आणि ते बाकावरून खाली उतरले, पागोटं नव्हतं तरी हात पागोट्याला गेला, आणि रोज ओसरीवर करत तसं त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तिला जाता यावं म्हणून. बारीक मान, मानेवर मळाची रेघ, मधला खळगा. पाठ समोर होती. मारायला ह्याहून सोपं काय असतं. गोजराबाईचा हात वर गेला, छडीसकट वर गेला, आणि त्या हाताच्या बोटांनी कपाळावरचा पदर धरला आणि नाकापर्यंत ओढला. छडी पदरात अडकली. ती सुटेना. तिनं ओढली, पदर ओढला गेला, पुन्हा सावरला, पुन्हा छडी. फुलसिंग खोकला. कोणी तरी फिसकन हसलं, आणि पदराच्या आत, लुगड्याच्या निळ्या अंधारात, गोजराबाईला कळलं की हा हात आता वर जाणार नाही; तो तिचा नाहीच, तो कोणी तरी तिच्या खांद्याला शिवून दिलेला आहे.

साहेबांनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, हा तुमच्या धाकात आहे, की तुम्ही ह्याच्या?"

अजून वेळ होता. वकील डोळ्यांनी सांगत होते, काही बोला, रडा, पाय धरा. गोजराबाईनं मान ताठ केली. "ते आमचे जावई हायेत साहेब," ती म्हणाली. असं म्हणाली, जणू साहेबांनाच काही ठाऊक नव्हतं आणि ती त्यांना समजावून सांगत होती. खिडकीत रंगूबाईचं समाधान झालेलं ऐकू आलं.

साहेबांनी लिहिलं. लिहिताना त्यांचाही चेहरा काही बरा नव्हता. जबलपूर.

फुलसिंगनं बाहेर जाऊन पगडी घातली, पट्टा बांधला, आणि एका क्षणात तो कोणाचा मामा राहिला नाही. त्यानं जावईबापूंचं मनगट धरलं. दोघं गोजराबाईपासून दोन हातांच्या अंतरावरून निघाले, आणि तिथं जावईबापू थांबले. भिंतीकडे तोंड करूनच ते फुलसिंगला म्हणाले, "मामीले सांगा."

"कोन मामी?" फुलसिंग म्हणाला. "ह्या तुह्या सासूबाई? ह्या तं इथंच उभ्या हायेत. तूच सांग."

"नाई. तुमी सांगा."

"बोल लवकर, गाडी हाय."

"सांगा का," जावईबापूंचा आवाज अजून फुटायचा होता, बारीक होता, "पावना येत नव्हता हे मले ठाऊक होतं म्हना. पयल्या दिवसापासून. तरी मी येत होतो."

"कोनता पावना?" फुलसिंगला काही समजलं नाही. त्यानं गोजराबाईकडे बघितलं. "बाई, पोट्टं म्हनते पावना येत नव्हता म्हने, त्याले ठाऊक होतं म्हने. तरी तो येत होता म्हने." आणि वाट बघत उभा राहिला, की इकडचा निरोप काय.

गोजराबाईचे ओठ पदराआड हलले. रोज येत होता. रोज, विटी टाकून. साहेब, आयकते साहेब. हाच जबाब होता, हाच मागितला होता तुम्ही. पण साहेब केव्हाच उठून कोट घालून मोठ्यांच्या दालनात गेले होते, तिथला पट्टेवाला ओरडायला लागला होता. ती फुलसिंगला म्हणाली, "बापूले म्हना," आणि पुढचं येईना. फुलसिंग थोडा थांबला. मग त्यानं मान हलवली, जावईबापूंना म्हणाला, "चाल, त्या 'बापूले म्हना' म्हनते," आणि ते गेले. दारातल्या उन्हात दोन सावल्या, एक लांब, एक आखूड, उतरल्या आणि पायऱ्यांवरून मोडत गेल्या.

खोली रिकामी झाली. पुंजाजी कधीच गेला होता. वकील छत्री उघडून बाहेर लिंबाखाली दुसऱ्या कोणाशी बोलत होते. लखमा परतीची तिकिटं काढायला गेला होता, आला नव्हता. गोजराबाईला बसावंसं वाटलं. आयुष्यात ती खुर्चीवर, बाकावर कधी बसली नव्हती. बसायची तर जमिनीवर. पण जमीन फार खाली वाटली. ती मागे सरली, बाकाची कड तिच्या कमरेला लागली, आणि एका हातानं रेटा देऊन ती वर चढली, जिथं थोड्या वेळापूर्वी ते बसले होते तिथंच. लाकूड अजून गरम होतं. छडी तिच्या हातातच होती, कोणी परत मागितली नव्हती. तिनं खाली बघितलं. लुगड्याच्या काठाखालून तिचे दोन पाय, पन्नाशी गाठायला आलेले, आख्ख्या शिवाराला धाकात ठेवणारे, हवेत लोंबत होते. जमीन वीतभर खाली होती. तिनं अंगठा ताणून बघितला. टेकेना.

"बाई, उठा तिथून," पट्टेवाला दारातून म्हणाला. "तिथं गुन्हेगार बसतात."

तिला उतरायचं होतं. पण खाली पाय कुठं ठेवायचा हे तिला कळत नव्हतं, आणि हात द्यायला कोणी नव्हतं.